तोंडाला पाणी सुटतं तेव्हा ग्रंथीत काय घडतं? लाळेमागच्या निरोपांची गोष्ट

मीठ-तिखट लावलेली कैरीची फोड जिभेवर ठेवली की क्षणात तोंडाला पाणी सुटतं. उलट, मुलाखतीसाठी आपलं नाव पुकारलं गेलं की घशाला कोरड पडते. मराठीत 'तोंडाला पाणी सुटणं' आणि 'तोंडचं पाणी पळणं' हे दोन्ही वाक्प्रचार आहेत. दोन्हींमागे त्याच ग्रंथी आणि त्याच पेशी आहेत. मग फरक कशात आहे? त्या पेशींना मिळणाऱ्या निरोपात.

लाळ ही आपोआप पाझरणारी गोष्ट नाही. ती हुकमावर तयार होते. हा हुकूम कोण देतं, पेशी तो कसा ऐकते आणि मध्येच तो अडला तर काय होतं, हे समजलं की रोजच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. सर्दीच्या गोळीने तोंड का सुकतं, सुपारी चघळली की लाळ का सुटते, कीटकनाशकाची बाधा झालेल्या माणसाच्या तोंडाला फेस का येतो, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात.

लाळ येते कुठून आणि किती?

आपल्या तोंडात लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. पहिली कानाच्या पुढे, गालात. गालगुंड झाल्यावर सुजते ती हीच, पॅरोटिड ग्रंथी. दुसरी जोडी जबड्याच्या हाडाखाली आणि तिसरी जिभेखाली. याशिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या आतल्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात.

निरोगी प्रौढ माणसात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. त्यातला ९९ टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतो. उरलेल्या भागात क्षार, पिष्टमय पदार्थ पचवणारं अमायलेज, जंतूंना आवर घालणारी प्रथिनं आणि घास बुळबुळीत करणारा म्युसिन हा चिकट पदार्थ असतो.

दिवसभर वेग सारखा नसतो. काही खात नसताना मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ येते आणि त्यातला मोठा वाटा जबड्याखालच्या ग्रंथींचा असतो. खाताना हाच वेग कितीतरी पटींनी वाढतो आणि गालातल्या ग्रंथी जोरात कामाला लागतात. झोपेत मात्र तो जवळपास शून्यावर येतो. म्हणून रात्री दात घासून झोपणं महत्त्वाचं. दातांत अडकलेलं अन्न धुऊन काढणारी लाळच त्या वेळी नसते.

लाळ म्हणजे गाळलेलं रक्त नव्हे

एकेकाळी असा समज होता की रक्ताच्या दाबाने पाणी गाळलं जातं आणि तेच लाळ म्हणून बाहेर येतं. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८५१ च्या सुमारास कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांनी या समजाला धक्का दिला. जबड्याखालच्या ग्रंथीची नस उत्तेजित केली की लाळ वाहू लागते, हे त्यांनी दाखवलं. पुढे त्यांनी लाळेच्या नळीतला दाब मोजला, तर तो धमनीतल्या रक्तदाबापेक्षाही जास्त भरला.

साधी गोष्ट आहे. टाकीतलं पाणी टाकीच्या पातळीपेक्षा वर आपोआप चढत नाही, त्यासाठी पंप लागतो. लाळग्रंथीच्या पेशी म्हणजे असे पंप, आणि ते सुरू करण्याचं बटण नसांच्या हातात.

बटण कुणाच्या हातात: नसा की संप्रेरकं?

पचनसंस्थेत संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा, दबदबा मोठा आहे. लंडनमध्ये १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी शोधलेलं सिक्रेटिन हे संप्रेरक आतड्यातून रक्तात जातं आणि स्वादुपिंडाला रस सोडायला सांगतं. रक्तातून निरोप पोहोचायला थोडा वेळ लागतो, पण आतड्याला तेवढी घाई नसते.

तोंडाला घाई असते. घास तोंडात जेमतेम काही सेकंद राहतो. तेवढ्यात तो ओला व्हायला हवा, त्याची चव कळायला हवी आणि तो गिळला जायला हवा. म्हणून लाळ सोडायची की नाही हे मुख्यतः नसा ठरवतात. संप्रेरकं नळ उघडत नाहीत. लाळेची घडण, तिच्यातले क्षार आणि ग्रंथीची एकूण तब्येत यांवर त्यांचा प्रभाव पडतो.

चव कळली किंवा चावण्याची हालचाल झाली की खबर ब्रेनस्टेमकडे, म्हणजे मेंदूच्या अगदी खालच्या, पाठीच्या कण्याला जोडणाऱ्या भागाकडे जाते. तिथल्या लाळकेंद्रांतून हुकूम निघतो. चेहऱ्याच्या सातव्या मस्तिष्क नसेतून तो जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींना मिळतो, तर नवव्या नसेतून गालातल्या ग्रंथीला. सर्व चवींमध्ये आंबट चव हा हुकूम सर्वांत जोरात काढते, म्हणून कैरी आणि चिंच इतक्या प्रभावी ठरतात.

पेशीच्या आत: दार, चावी आणि कॅल्शियम

नसेचं टोक ग्रंथीच्या पेशीजवळ येऊन ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतं. पेशीच्या पृष्ठभागावर ते ओळखणारे रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि ॲसिटिलकोलीन म्हणजे त्याची चावी. लाळग्रंथीतलं सर्वांत महत्त्वाचं कुलूप 'मस्कॅरिनिक एम-३' या नावाने ओळखलं जातं.

चावी बाहेरच राहते, ती पेशीत शिरत नाही. मग आतल्या यंत्रणेला कळतं कसं? कुलूप फिरलं की पेशीच्या आवरणातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जागं होतं आणि आवरणातल्याच एका मेदाचे तुकडे करतं. त्यातला एक तुकडा म्हणजे आयपी-३. हा पेशीच्या आतला निरोप्या. तो आतल्या कॅल्शियमच्या कोठाराकडे जातो आणि त्याचं दार उघडतो.

एरवी पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम फार कमी असतं, बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. त्यामुळे थोडं कॅल्शियम सुटलं तरी पेशीला ते लगेच जाणवतं. पुढचा क्रम असा असतो:

- नळीच्या बाजूला असलेले क्लोराइडचे मार्ग उघडतात आणि क्लोराइड बाहेर पडतं. यातल्या प्रमुख मार्गाचं प्रथिन कोणतं, हे २००८ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी शोधलं.
- क्लोराइडवर ऋण भार असतो. त्याच्या ओढीने धन भाराचं सोडियम पेशींमधल्या फटींतून नळीकडे येतं.
- नळीत मीठ जमलं की त्याच्यामागे पाणी येतं. पाण्यासाठी ॲक्वापोरिन-५ नावाचे खास दरवाजे असतात. ज्या उंदरांमध्ये हे प्रथिन बनत नाही त्यांची लाळ निम्म्याहून कमी होते आणि चिकटही होते, असं १९९९ मध्ये दिसून आलं.
- रक्ताच्या बाजूने नवं क्लोराइड आत आणलं जातं, म्हणजे काम चालू राहतं.

थोडक्यात, पेशी पाणी ढकलत नाही. ती मीठ पुढे सरकवते आणि पाणी त्यामागे येतं.

या शोधात एका माशीचा मोठा हात आहे. केंब्रिजचे मायकेल बेरिज ब्लोफ्लाय जातीच्या माशीच्या लाळग्रंथीवर काम करत होते. ग्रंथीला सेरोटोनिन दिलं की लाळ झरू लागते, पण तो निरोप पेशीच्या आत पोहोचतो कसा, हे त्यांना शोधायचं होतं. या कामातून आयपी-३ पुढे आला. तो कोठारातून कॅल्शियम सोडवतो, हे १९८३ मध्ये बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या पेशींवर दाखवलं. आज हीच यंत्रणा शरीरातल्या असंख्य पेशींत आढळते. माशीची लाळ तपासताना शरीराची एक मूलभूत भाषा हाती लागली.

भीतीने तोंड का सुकतं?

लाळग्रंथीला दुसऱ्या प्रकारच्या नसाही पोहोचतात. त्या सिम्पथेटिक, म्हणजे धावपळीच्या आणि संकटाच्या वेळी सक्रिय होणाऱ्या यंत्रणेच्या असतात. त्यांचं रसायन नॉरॲड्रेनॅलिन. ते वेगळ्या कुलपात बसतं आणि पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा दुसरा निरोप्या तयार करतं. त्यामुळे आधीच भरून ठेवलेल्या प्रथिनांच्या बारीक पिशव्या नळीत रिकाम्या होतात. अमायलेज याच वाटेने मोठ्या प्रमाणात बाहेर येतं.

म्हणजे पहिला निरोप मुख्यतः पाणी आणतो आणि दुसरा मुख्यतः प्रथिनं. जेवताना दोन्ही एकत्र काम करतात. घाबरल्यावर मात्र मेंदूतली वरची केंद्रं लाळकेंद्रांना दाबून धरतात. त्यामुळे पाण्याचा हुकूम थांबतो, आणि तोंडात उरते ती थोडी, दाट, चिकट लाळ. 'तोंडचं पाणी पळालं' हे अगदी शब्दशः खरं ठरतं.

नळीतली दुसरी पायरी आणि मिठाचा हिशेब

पेशींतून निघालेली ताजी लाळ जवळपास रक्तातल्या द्रवाइतकी खारट असते. आपल्याला मात्र ती खारट लागत नाही. कारण ती तोंडात येईपर्यंत नळ्यांमधून जाते, आणि नळ्यांच्या पेशी त्यातलं सोडियम आणि क्लोराइड परत शरीरात ओढून घेतात. बदल्यात त्या पोटॅशियम आणि बायकार्बोनेट सोडतात. या नळ्या पाणी सहसा परत जाऊ देत नाहीत, त्यामुळे लाळ अळणी होते. १९५४ मध्ये मांडलेली ही दोन पायऱ्यांची कल्पना आजही मुळात मान्य आहे.

याचा फायदा रोज जेवताना मिळतो. तोंड मुळातच अळणी पाण्याने भरलेलं असल्यामुळे आमटीत चिमूटभर मीठ कमी-जास्त झालं तरी लगेच कळतं. लाळ वेगाने वाहू लागली की नळ्यांना मीठ ओढून घ्यायला वेळ कमी मिळतो, म्हणून भरपूर सुटलेली लाळ थोडी जास्त खारट असते. तिच्यात बायकार्बोनेटही जास्त असतं. ते आम्ल मारतं आणि दातांचं कवच वाचवतं.

मग संप्रेरकांचं काम काय?

याच नळ्यांवर एका संप्रेरकाचा थेट प्रभाव असतो. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतून येणारं अल्डोस्टेरॉन शरीरात मीठ राखायला सांगतं. मूत्रपिंडाप्रमाणेच लाळेच्या नळ्याही ते ऐकतात. अल्डोस्टेरॉन वाढलं की लाळेतलं सोडियम घटतं आणि पोटॅशियम वाढतं.

इतर संप्रेरकांचा प्रभाव बहुतेक वेळा आडवाटेने दिसतो:

- पाण्याची कमतरता: शरीरात पाणी कमी झालं की मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगणारं संप्रेरक वाढतं. त्याच वेळी लाळही आटते आणि तहान लागते. उन्हात काम करणाऱ्यांचं तोंड सुकणं ही शरीराने दिलेली सूचना असते.
- इन्सुलिन आणि मधुमेह: साखर खूप वाढली की ती लघवीवाटे जाताना पाणीही घेऊन जाते. सतत तहान, वारंवार लघवी आणि कोरडं तोंड ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर साखर तपासणं गरजेचं असतं.
- थायरॉइड: थायरॉइडचं काम मंदावलेल्या काही रुग्णांत तोंड कोरडं पडल्याचं दिसतं.
- इस्ट्रोजेन: लाळग्रंथींत या संप्रेरकाचेही रिसेप्टर सापडले आहेत. पाळी कायमची बंद झाल्यानंतर अनेक स्त्रियांना तोंड कोरडं पडण्याचा किंवा जळजळण्याचा त्रास होतो. मात्र त्याच वयात रक्तदाब, झोप, सांधेदुखी अशा अनेक गोष्टींच्या गोळ्याही सुरू होतात, म्हणून सगळा दोष एकट्या संप्रेरकाला देता येत नाही.

उलट दिशेनेही एक नातं आहे. कॉर्टिसॉलसारखी काही संप्रेरकं रक्तातून झिरपत लाळेत येतात. म्हणून कुशिंग आजाराचा संशय असेल तेव्हा रात्री उशिराची लाळ घेऊन कॉर्टिसॉल मोजतात. सुई टोचावी लागत नाही.

एकच कुलूप, चार ओळखीच्या गोष्टी

आता पुन्हा ॲसिटिलकोलीनच्या कुलपाकडे येऊ. त्यात कुणीही ढवळाढवळ केली की लाळ लगेच सांगते.

धोतरा. महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या या झाडाच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, ॲट्रोपिनसारखी विषारी द्रव्यं असतात. ती कुलपात अडकून बसतात, पण ते उघडत नाहीत. खरी चावी बाहेरच राहते. तोंड पार कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापतं, भ्रम होतो. ही विषबाधा जिवावर बेतू शकते.

सर्दीची गोळी. क्लोरफेनिरामाइनसारखी जुन्या पिढीतली ॲलर्जीविरोधी औषधं हेच कुलूप काही प्रमाणात अडवतात. नाक सुकतं, सोबत तोंडही. नैराश्यावर आणि नसांच्या दुखण्यावर दिलं जाणारं अमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन आणि कंपवातातलं ट्रायहेक्सिफेनिडिल यांचंही तसंच. वयस्कर माणसं अशी दोन-तीन औषधं एकदम घेत असतील तर परिणाम साठत जातो. कोरड्या तोंडाचं हे फार सर्रास कारण आहे, आणि 'पाणी कमी पिता' एवढं म्हणून ते नेहमी दुर्लक्षिलं जातं.

सुपारी. सुपारीतलं ॲरेकोलिन उलट वागतं. ते ॲसिटिलकोलीनची नक्कल करून कुलूप उघडतं, म्हणून विडा चघळताना तोंड लाळेने भरतं. पण यावरून सुपारी लाळेसाठी चांगली असं समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेल्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणलं आहे. सुपारीनेच गालाचं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होतं.

फवारणीतली विषबाधा. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं कुलपाला हात लावत नाहीत. काम झालेल्या ॲसिटिलकोलीनचा निकाल लावणारं विकर ती बंद पाडतात. चावी काढणारंच कुणी नसल्याने कुलूप उघडंच राहतं. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, छातीत साचलेला स्राव, बारीक झालेल्या बाहुल्या आणि अखेर श्वास बंद पडणं, हे सगळं त्यातून होतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वेळी ज्या कीटकनाशकांची नावं पुढे आली, त्यांत मोनोक्रोटोफॉसही होतं.

इथे विज्ञानाचा सरळ हिशेब दिसतो. धोतऱ्यातलं ॲट्रोपिन कुलूप अडवतं, म्हणून अचूक मात्रेत, शिरेतून, रुग्णालयात दिलेलं तेच ॲट्रोपिन या विषबाधेत जीव वाचवतं. मात्र धोतऱ्याचा पाला किंवा बिया हा उपाय कधीही नाही. एका झाडात विष किती आहे याचा अंदाज कुणालाच येत नाही. अशा रुग्णाचे भिजलेले कपडे काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावं, उलटी करवू नये आणि औषधाचा डबा सोबत घेऊन त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावं. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत.

निरोप येतो, पण ग्रंथीच थकली असेल तर?

काही आजारांत बिघाड निरोपात नसून खुद्द ग्रंथीत असतो. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये ज्या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, त्यात शरीराची संरक्षण यंत्रणा लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच हल्ला करते. या आजाराचे बहुतांश रुग्ण स्त्रिया असतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं आणि कोरडा घास पाण्याशिवाय न उतरणं, ही त्याची ठळक लक्षणं.

दुसरं मोठं कारण म्हणजे डोकं आणि मानेच्या कर्करोगावरची रेडिएशन चिकित्सा. लाळग्रंथी किरणांपुढे फार नाजूक असतात. म्हणून आता शक्य तिथे ग्रंथींना वाचवत किरण दिले जातात.

थोड्या पेशी शिल्लक असतील तर त्यांना मोठ्याने हाक मारता येते. ब्राझीलमधल्या जॅबोरँडी झुडपापासून मिळणारं पायलोकार्पिन हे औषध तेच मस्कॅरिनिक कुलूप उघडतं. घाम सुटणं हा त्याचा सर्रास दिसणारा दुष्परिणाम. दमा आणि काही नेत्रविकारांत ते धोक्याचं असतं, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावं लागतं.

तोंड सतत कोरडं पडत असेल तर

- आधी घेत असलेल्या सर्व औषधांची यादी करा, दुकानातून आपणहून आणलेल्या गोळ्यांसह. ती डॉक्टरांना दाखवा. अनेकदा मात्रा, वेळ किंवा औषध बदलता येतं. मनाने गोळ्या बंद मात्र करू नका.
- साखर आणि थायरॉइडची तपासणी झाली आहे का, ते विचारा.
- डोळेही कोरडे पडत असतील, गालाजवळ सूज असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर तपासणी लांबवू नका.
- साखर नसलेलं च्युइंग गम चघळल्याने ग्रंथींना निरोप मिळतो. लिंबू किंवा आंबट गोळ्या सतत चघळणं टाळा. लाळ कमी असताना आम्लाने दात लवकर झिजतात.
- रात्री फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दात घासा आणि वर्षातून एकदा तरी दंतवैद्याकडे जा. लाळ आटली की दात हिरडीजवळून किडू लागतात.

लाळेची किंमत ती असेपर्यंत जाणवत नाही. ती कमी झाली की भाकरीचा कोरडा तुकडाही घशात अडतो, चव जाते, बोलताना जीभ टाळूला चिकटते. तेव्हा पाण्याचा पेला हाताशी ठेवावाच. पण त्याचबरोबर मेंदूपासून ग्रंथीपर्यंतच्या वाटेवर निरोप नेमका कुठे अडला आहे, हेही डॉक्टरांकडून शोधून घ्यावं. बहुतेक वेळा ते शोधता येतं.